त्यांचा उन्हाळा, आपला पावसाळा

शिकण्याच्या वाटेवर (साप्ताहिक स्तंभ)

जुलैच्या पहिल्या आठवड्यात खानदेशातल्या सावद्याच्या शिवारात केळीच्या मृगबागेची लागवड उरकत आलेली असते. ठिबकच्या नळ्या अंथरून झालेल्या, टिश्यूकल्चरची रोपं पाच बाय पाचवर बसलेली. गावात अकरावी-बारावीचे तास सुरू झालेले असतात आणि क्लासची फीही भरून झालेली असते. नेमके याच दिवसांत बोस्टन, ओहायो, ऑक्सफर्ड अशा ठिकाणी ‘समर प्रोग्रॅम’ भरतात. युरोप-अमेरिकेची लांब सुट्टी जून ते ऑगस्ट, आपली मात्र जूनच्या मध्याला संपलेली. त्यामुळे सावद्याच्या एखाद्या मुलीनं परदेशातल्या निवासी अभ्यासवर्गाला जायचं म्हटलं, तर घरातला पहिला प्रश्न विमानाचा नसतो, व्हिसाचाही नसतो. ‘महिनाभर कॉलेज बुडेल, त्याचं काय?’ हा असतो.

हा प्रश्न रास्त आहे. बारावीच्या वर्षातले चार-सहा आठवडे कमी नाहीत. ते खर्च करण्याइतकं तिथं काय मिळतं, हे आधी नीट पाहायला हवं. जाहिरातींतून ते कळत नाही.

जाहिरातीत दगडी कमान असते, हिरवळ असते, जगप्रसिद्ध विद्यापीठाचं नाव असतं. प्रत्यक्षात ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या नावानं चालणारे यांतले पुष्कळसे वर्ग खासगी कंपन्यांचे असतात. सुट्टीत रिकाम्या झालेल्या कॉलेजच्या खोल्या त्या भाड्यानं घेतात. प्रमाणपत्र कंपनीचं मिळतं. दोन आठवड्यांचं शुल्क पाच हजार पौंडांच्या पुढे जातं, म्हणजे विमानभाडं सोडून सहा लाख रुपयांच्या आसपास. सावद्याच्या मापात हा आकडा असा मांडता येतो : पाच बाय पाच फुटांवर एकरात साधारण १,७४० झाडं बसतात. सरासरी २३ किलोचा घड धरला तर ४० टन माल. क्विंटलला दीड हजाराचा भाव मिळाला तर सहा लाख. खत, मजुरी, वीज काहीही वजा न करता एक अख्खा एकर, तोही सीएमव्ही विषाणूचा रोग आला नाही, करपा पडला नाही आणि मे महिन्याच्या वादळात बाग आडवी झाली नाही तर. एवढी रक्कम भाड्याच्या खोलीतल्या पंधरा दिवसांवर खर्च करायला कोणी सांगत असेल, तर त्या घरानं नाही म्हणावं. त्यात मुलीचं काहीही नुकसान नाही.

पण एवढ्यावरून सगळेच समर प्रोग्रॅम निकाली काढणं चुकीचं ठरेल. ज्यांच्यासाठी कॉलेज बुडवावं असेही वर्ग आहेत. त्यांची ओळख अशी की तिथं पैशांआधी काम पाहिलं जातं.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये भरणारी रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट १९८४ पासून चालू आहे. शालेय शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यावरची शंभरेक मुलं सहा आठवडे एकत्र राहतात. आठवडाभर वर्ग होतात. मग पाच आठवडे खऱ्या प्रयोगशाळेत खऱ्या संशोधकाच्या हाताखाली काम, आणि शेवटी शोधनिबंध लिहून सगळ्यांसमोर मांडायचा. शिकण्याचं शुल्क घेतलं जात नाही.

गणिताचं उदाहरण अधिक सांगण्यासारखं आहे, कारण त्याला प्रयोगशाळाही लागत नाही. अर्नोल्ड रॉस या गणितज्ञांनी १९५७ मध्ये एक उन्हाळी वर्ग सुरू केला. पुढे तो ओहायोत स्थिरावला आणि नव्वदी ओलांडेपर्यंत रॉस तिथं शिकवत राहिले. साध्या गोष्टींचा खोल विचार करा, हे त्या वर्गाचं ब्रीद. सहा आठवडे विषय मुख्यतः एकच, संख्या-सिद्धांत. रोज प्रश्नांचा एक संच हातात पडतो आणि मुलं रात्री उशिरापर्यंत त्याच्याशी झुंजतात. प्रश्न अवघड शब्दांचे नसतात. कुठल्याही तीन सलग संख्यांच्या गुणाकाराला ६ ने पूर्ण भाग का जातो? कुठल्याही संख्येला शून्यानं गुणलं की शून्यच का येतं? दुसरा प्रश्न वाचून सावद्याचा नववीतला मुलगा म्हणेल, ‘हे तर माहीतच आहे.’ शाळेत आपण ते मानून घेतलेलं असतं. तिथं ते सिद्ध करावं लागतं, आणि सिद्ध करताना आपण काय काय न सांगता गृहीत धरत होतो हे एकेक करून उघडं पडतं. पहाटे दोन वाजता एखादी पायरी सुटली की दार ठोठावून सांगायला शेजारच्या खोलीत कोणीतरी जागं असतं. वसतिगृहात सोबत राहणारे थोडे मोठे विद्यार्थी उत्तर सांगत नाहीत, पुढचा प्रश्न विचारतात.

‘निवासी’ या शब्दाचं मोल इथं कळतं. सावद्यात गणिताचं वेड असलेला मुलगा वर्गात बहुधा एकटा असतो. त्याचं कौतुक होतं, पण त्याच्याशी वाद घालणारं कोणी नसतं. सहा आठवडे तो अशा पन्नास-साठ जणांत राहिला, की आपलं वेड हे वेड नाही हे त्याला पहिल्यांदा दिसतं. आपल्याहून हुशार मुलं असतात, हेही दिसतं. दुसरं दर्शन पहिल्याइतकंच गरजेचं आहे.

मराठी विद्यार्थ्याचं एक जुनं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीच्या माणसाचं आहे. केंब्रिजमध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्याकडे संशोधन सुरू करून फार दिवस झाले नव्हते तेव्हा, १९६१ च्या उन्हाळ्यात, जयंत नारळीकर इटलीतल्या वारेन्ना गावी गेले. कोमो सरोवराच्या काठी, एकेकाळी मठ असलेल्या व्हिला मोनास्तेरो या वास्तूत इटालियन भौतिकी परिषद १९५३ पासून उन्हाळी शाळा भरवत आली आहे. एन्रिको फर्मी यांनी १९५४ मध्ये तिथं व्याख्यानं दिली आणि त्याच वर्षी ते वारले. शाळेला पुढे त्यांचंच नाव देण्यात आलं. नारळीकर गेले त्या सत्राचा विषय होता गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतांचे पुरावे, आणि व्याख्यात्यांत खुद्द हॉईल होते. तेविशीच्या उंबरठ्यावरचा हा तरुण आपल्या गुरूला इतर देशांतल्या जाणकारांसमोर बोलताना ऐकत होता, आणि एरवी ज्यांची नावं फक्त छापील निबंधांवर दिसायची त्या माणसांच्या सहवासात राहत होता. विद्यापीठातल्या तासाला घंटा असते. अशा शाळेत व्याख्यान संपलं तरी विषय जेवणाच्या टेबलावर चालू राहतो.

नारळीकरांनी पुढे पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली, तेव्हा शाळकरी मुलांसाठी उन्हाळ्याच्या सुट्टीतला एक उपक्रमही सुरू केला. शाळेतून निवडलेली मुलं आठवडाभर एकेका वैज्ञानिकाबरोबर काम करतात. ठरलेला अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. उपक्रम सुंदर आहे, पण तो पुण्यातल्या शाळांसाठी. सावद्याच्या मुलाला तिथं पोचायला आधी पुण्यात जन्म घ्यावा लागेल, आणि ही खंत मोकळेपणानं बोलायला हवी.

एका विषयासाठी घर सोडून एकत्र राहण्याची कल्पना खानदेशाला परकी मात्र नाही. अमळनेरला १९१६ मध्ये श्रीमंत प्रताप शेठ यांच्या देणगीतून तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. देशभरातले अभ्यासक तिथं शिष्यवृत्तीवर येऊन राहत, वेदान्तापासून कान्टपर्यंत वाद चालत. बंगालचे कृष्णचंद्र भट्टाचार्य तिथं संचालक होते, आणि बौद्ध माध्यमिक दर्शनावरच्या ग्रंथामुळे पुढे जगभर नाव झालेले टी. आर. व्ही. मूर्ती उमेदीच्या वर्षांत तिथं संशोधन करत होते. तिथून निघणारं इंग्रजी त्रैमासिक तत्त्वज्ञानाच्या जगात वाचलं जाई. गिरणीच्या एका गावात, एका शेठजींच्या पैशावर हे घडलं. आज केळीचे कंटेनर परदेशी पाठवणाऱ्या रावेर-यावल पट्ट्यात तेवढी ऐपत नाही, असं कोण म्हणेल?

सावद्याच्या मुलाची अडचण बुद्धीची नाही, आणि बहुतेक वेळा इंग्रजीचीही नाही. ती कागदाच्या पातळीवर सुरू होते. या वर्गांना शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. आपल्याकडे ‘विद्यार्थी हुशार, आज्ञाधारक व सुस्वभावी आहे’ असं लिहून शिक्का मारण्याची पद्धत आहे. त्या तीन विशेषणांनी निवड करणाऱ्याला काहीच कळत नाही. मुलीनं प्रमेयाची पुस्तकाबाहेरची सिद्धता कशी मांडली, कुठल्या प्रश्नावर ती आठ दिवस अडून बसली, फळ्यावरची सरांची चूक तिनं कशी दाखवली, असा एक खरा प्रसंग हवा. असं पत्र लिहायला शिक्षकानं मुलीला तेवढं पाहिलेलं असावं लागतं, आणि साठ-सत्तरच्या वर्गात ते सोपं नाही. तरी फैजपूरच्या धनाजी नाना महाविद्यालयासारखी कॉलेजं हाकेच्या अंतरावर असताना, शाळा आणि कॉलेजच्या शिक्षकांनी मिळून दरवर्षी दोन-चार मुलांची अशी पत्रं मन लावून लिहावीत, ही मागणी मोठी नाही.

शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातून आलेले राजू केंद्रे ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकले, आणि त्यांची एकलव्य संस्था पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना अर्ज कसा लिहायचा हेच शिकवते. माहितीची ही वाट किती अडलेली आहे, हे अशा कामाची गरज पडते यावरूनच दिसतं.

पैशाचा प्रश्न पत्रानं सुटत नाही. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या सरकारी योजना पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी आहेत. सहा आठवड्यांसाठी निवड झालेल्या सतरा वर्षांच्या मुलीचं विमानभाडं त्यांत बसत नाही. इथं गावानं पुढं यायला हवं. शिकण्याचा आणि राहण्याचा खर्च वर्गानं उचलला, पूर्ण किंवा बराचसा, तर उरतं तिकीट, व्हिसा आणि मुंबईच्या वाणिज्य दूतावासाची वारी. भुसावळहून रात्रीच्या गाडीनं गेलं की ती वारी होते. तिकिटाची रक्कम दहा बागायतदारांत वाटली तर कोणालाही जड नाही. मुलीला एकटीला कसं पाठवायचं, हा प्रश्न मात्र पैशानं सुटणारा नाही. आधी गेलेली एखादी मुलगी परत येऊन आई-वडिलांशी बोलली, तरच तो सुटेल. म्हणून पहिली मुलगी जाणं महत्त्वाचं.

आणि तोवर आपला उन्हाळा आहे. रॉस यांच्याच वर्गात घडलेल्या मंडळींनी १९८९ मध्ये बोस्टनला ‘प्रॉमिस’ हा वर्ग सुरू केला. त्याचं भारतीय रूप आता बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सहा आठवडे भरतं, तेही मे-जूनमध्ये, म्हणजे कॉलेज फारसं न बुडवता. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी एस. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला ‘एमटीटीएस’ हा चार आठवड्यांचा निवासी गणितवर्ग आहे, आणि तो विनाशुल्क आहे. नववीच्या मुलांसाठी इस्रोचा ‘युविका’ २०१९ पासून आहे. दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात, प्रवास आणि राहणं इस्रोच्या खर्चानं. त्याच्या निवडीत पंचायत क्षेत्रातल्या शाळेत शिकणाऱ्यांना १५ टक्क्यांचं जादा वजन मिळतं. सावद्याला नगरपरिषद असल्यानं ते गावातल्या शाळेला लागू पडणार नाही, पण चिनावल, कोचूरच्या मुलांना लागू पडेल, आणि तिथल्या मुख्याध्यापकांनी ते हेरून ठेवावं. केंद्राच्या ‘इन्स्पायर-मानक’ योजनेत शाळेनं मुलांच्या कल्पना पाठवायच्या असतात. निवड झाली की १०,००० रुपये मिळतात, आणि राष्ट्रीय पातळीवर पोचलेल्या मुलांना जपानच्या ‘साकुरा’ कार्यक्रमातून आठवडाभर तिथल्या प्रयोगशाळा पाहता आल्या आहेत. पदवीच्या शेवटाकडे आलेल्यांना जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेचा उन्हाळी कार्यक्रम खुला आहे. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे.

रॉस काय, प्रॉमिस काय, दोन्हींच्या अर्जाचा गाभा एकच : गणितांचा एक संच. तो घरी बसून, कित्येक दिवस घेऊन सोडवायचा असतो. सगळी गणितं सुटलीच पाहिजेत अशी अट नाही. अर्धवट सुटलेल्याचाही विचार कसा केला, कुठं अडलं, ते लिहायचं. टक्केवारी तिथं दुय्यम. क्लासची फी नाही, वशिला नाही. कोरी वही लागते आणि तीन आठवड्यांच्या संध्याकाळी.

अशा बहुतेक वर्गांचे अर्ज हिवाळ्यात मागवले जातात. तेव्हा सावद्यात कांदेबागेची रोपं गुडघ्याला लागलेली असतात आणि बारावीच्या सराव परीक्षा तोंडावर. त्याला अजून पाच महिने आहेत. या शनिवारी शाळा सुटल्यावर एखाद्या गणिताच्या सरांनी फळ्यावर तीन सलग संख्यांचा तो प्रश्न लिहावा, उत्तर न सांगता घरी जावं, आणि सोमवारी कोण काय घेऊन येतं ते पाहावं.

— तापीकाठकर