फवारणीला न जुमानणारा डास

भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. हिवतापाचा डासही याच पाण्यावर पोसतो. ग्रामीण भारतातील त्याचा मुख्य वाहक, ‘अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसिस’, डीडीटीला दाद देत नाही, हे गुजरातेत १९५९ सालीच आढळले होते. पुढे मॅलेथिऑन आले, मग पायरेथ्रॉइड; अनेक भागांत तो त्यांनाही सरावला. औषधातून वाचलेल्या डासांचीच प्रजा वाढणार, त्यात नवल ते काय? त्याच कुळातील कीटकनाशके आपण धानावर मारतो आणि फवारलेल्या भिंती सणापूर्वी सारवून टाकतो. दोष एकट्या शासनाचा नव्हे! २०३० पर्यंत हिवतापमुक्तीचा देशाचा संकल्प आहे. तेव्हा फवारणीपूर्वी, इथल्या डासांवर कोणते औषध अजून चालते याची चाचणी व्हावी. विहिरींत गप्पी मासे सोडायला मात्र पथकाची वाट पाहण्याचे कारण नाही. मासे जाणणारा ढिवर समाज गावातच आहे.