टाकीत उतरण्याआधी थांबा

मार्च २०२३ मध्ये बारामती तालुक्यातील खांडज येथे गोबरगॅसच्या टाकीची सफाई करताना चौघांचा जीव गेला. एक जण आत कोसळला आणि त्याला वाचवायला बाकीचे धावले. अशा रुग्णाला आमच्या सरकारी रुग्णालयात आणेपर्यंत बहुतेक वेळा आमच्या हाती काही उरलेले नसते. जे करायचे ते टाकीच्या तोंडाशीच करावे लागते.

बारामती-इंदापूर हा साखर कारखान्यांचा पट्टा. डिस्टिलरीतली टाकी आणि गोठ्यामागची गोबरगॅसची टाकी दोन्ही एकाच कुळातल्या. काम करतात ते सूक्ष्मजीव. मळीतल्या साखरेवर यीस्ट काम करते तेव्हा १८० ग्रॅम ग्लुकोजमागे जास्तीत जास्त ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बॅच पद्धत गुऱ्हाळासारखी असते. एक आधण उतरले की काहील धुवायची, मग दुसरे. त्यामुळे टाकी पुन्हा पुन्हा रिकामी करून साफ करावी लागते. हा वायू हवेच्या दीडपट जड, म्हणून रिकाम्या टाकीच्याही तळाशी साचून राहतो. हवेत त्याचे प्रमाण दहा टक्क्यांवर गेले की माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो.

गोबरगॅसमध्ये भर पडते हायड्रोजन सल्फाइडची. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग झाला की नाकाची संवेदनाच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजणारा फसतो. कारखान्यातल्या टाकीत ढवळणी यंत्राने होते आणि माणूस बाहेर असतो. शेतावर मात्र आत उतरलेला माणूसच शेणकाला ढवळतो आणि त्यात अडकलेला वायू एकदम वर येतो.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायदा, १९४८ च्या कलम ३६ नुसार टाकी सुरक्षित असल्याचे लेखी प्रमाणपत्र असावे लागत असे. नाहीतर श्वसनयंत्र लावून, कमरेच्या पट्ट्याचा दोर बाहेरच्याच्या हाती देऊनच आत जाता येत असे. गोठ्यामागच्या टाकीला मात्र हा कायदा लागू नव्हता. म्हणून माझे म्हणणे असे, की कारखान्यांनी आणि ग्रामपंचायतींनी वायुमापक, पंखा, श्वसनयंत्र आणि दोर असा संच गावासाठी ठेवावा. फवारणीपंपासारखा तो शेतकऱ्याला मागताच मिळावा, सोबत तो वापरणारा प्रशिक्षित माणूसही.

तोवर एवढे पाळा. शक्यतो उपसा बाहेरूनच यंत्राने करा. मेणबत्ती किंवा कंदील सोडून पाहू नका. मिथेन पेट घेतो. तोंडाला बांधलेला रुमाल वायू अडवत नाही. आणि कोणी आत कोसळलाच, तर तो सख्खा भाऊ असला तरी मागे उडी घेऊ नका. आरडाओरडा करा, १०१ आणि १०८ ला फोन लावा, पंख्याने बाहेरची हवा आत सोडा. हे सांगताना जीव तुटतो, पण एका घरातून एकाहून जास्त तिरड्या उठू नयेत म्हणूनच सांगतो आहे.