पोर्टास्टुडिओ: छंदापलीकडचे यंत्र

१/ १९७९ साली टीॲक कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ १४४’ बाजारात आणला. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक स्वतंत्रपणे मुद्रित करून नंतर एकत्र मिसळणे त्यामुळे घरातच शक्य झाले.

२/ नेहमीच्या कॅसेटच्या प्रत्येक बाजूवर दोन ट्रॅक असतात. हे यंत्र चारही एकाच दिशेने वापरते आणि फीत दुप्पट वेगाने फिरवते. ध्वनी सुधारतो, ६० मिनिटांची कॅसेट मात्र १५ मिनिटांत संपते.

३/ ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतील भाड्याच्या घरात याच यंत्रावर गाणी मुद्रित केली, तीही बँडला ऐकवण्याचा कच्चा खर्डा म्हणून. पुढे स्टुडिओत बँडसह मुद्रण झाले, पण त्याला खर्ड्याची सर येईना. अखेर ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ म्हणून प्रसिद्ध झाली.

४/ आज या यंत्रांची चर्चा ‘उबदार ध्वनी’भोवतीच फिरते. ती उथळ आहे. खरा प्रश्न दस्तऐवजांचा. अशी कॅसेट साध्या डेकवर लावली की दोनच ट्रॅक ऐकू येतात, तेही निम्म्या वेगाने. बाजू बदलली की उरलेले दोन उलटे वाजतात. संगणकावर हे सुलटे करता येते, पण चारही ट्रॅक जुळवताना नाकी नऊ येतात. त्यामुळे रबरी पट्टे बदलून, हेड पुसून जुने यंत्र चालते ठेवणाऱ्या हौशी माणसाला केवळ छांदिष्ट म्हणणे अन्यायाचे आहे. मोडीच्या कागदांना जसा मोडी जाणणारा लागतो, तसा या घरगुती फितींना तो लागतो. अभिलेखागारांनी कॅसेटसोबत यंत्रेही मिळवावीत, सुटे भाग मिळताहेत तोवरच.