मॉडिफाय केलेल्या गाडीचं हेड गॅस्केट सारखं का जातं? ई२० ला शिव्या घालण्याआधी हे वाचा

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सोशल मीडियावर गाडीवाल्यांचा एकच विषय होता, ई२० पेट्रोल. ॲव्हरेज पडलं, ई२०. गाडी मिसिंग करते, ई२०. इंजिन गरम होऊन हेड गॅस्केट गेलं, तरी ई२०. १ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने याविरोधातली याचिका फेटाळली आणि कमेंटमधला राग आणखी वाढला.

यातल्या ॲव्हरेजच्या तक्रारीत तथ्य आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे २० टक्के मिसळल्यावर फरक पडणारच. हेड गॅस्केटचं प्रकरण मात्र वेगळं आहे. वर्षभरात दोनदा-तीनदा गॅस्केट गेलं असेल, तर पंपावर भांडायच्या आधी एक गोष्ट आठवायला हवी, ती म्हणजे या गाडीत आपण काय काय बदललंय?

आधी गॅस्केट म्हणजे काय ते बघू. इंजिनचे दोन मोठे भाग असतात, खाली ब्लॉक आणि वर हेड. या दोघांच्या मध्ये जी पातळ चकती दाबून बसवलेली असते, ते हेड गॅस्केट. आपल्याकडे बरेच मिस्त्री त्याला हेड पॅकिंग म्हणतात. त्याचं काम फार अवघड असतं. सिलेंडरमधला स्फोटाचा दाब, कुलंट आणि ऑइल या तिघांना एकमेकांत मिसळू द्यायचं नाही. टर्बो डिझेल इंजिनात हा दाब १५० बारच्या वर जातो. गाडीच्या टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन बार हवा भरतो, त्यावरून अंदाज घ्या. त्यात हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा असेल तर ॲल्युमिनियम गरम झाल्यावर जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. म्हणजे गॅस्केट दाबही सोसतं आणि घासणंही.

आता बिबवेवाडीत या. इथल्या गाडीचं रोजचं आयुष्य बघा. सकाळी सातारा रोडवर सिग्नलला रांग, मार्केट यार्डाच्या ट्रक-टेम्पोंमागे पहिला-दुसरा गिअर, संध्याकाळी गंगाधाम चौकातून आईमाता मंदिराकडचा चढ, रविवारी कात्रजचा जुना घाट नाहीतर बोपदेव. इंजिनची खरी परीक्षा हायवेवर शंभरच्या वेगाने जाताना होत नाही, तिथे रेडिएटरला वारा मिळतो. ती होते चढावर, हळू, एसी चालू असताना, पुढे ट्रक असताना. तेव्हा ताण पूर्ण असतो आणि गाडी थंड ठेवायची जबाबदारी एकट्या पंख्यावर येते. एखादा रिमॅप सपाट रस्त्यावर वर्षानुवर्षं चालतो आणि इथे सहा महिन्यांत गाडी उकळते, त्याचं एक कारण हा चढ आहे.

मग बदल काय केलेले असतात?

पुण्यात सगळ्यात लाडका बदल म्हणजे ईसीयू रिमॅप. उदाहरणार्थ, स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत अनेक गाड्यांत आलेलं फियाटचं १.३ लिटर डिझेल इंजिन. आपल्या रांजणगावातही बनायचं. स्विफ्टमध्ये कंपनीने त्यातून ७५ पीएस आणि १९० न्यूटन मीटर काढले होते. रिमॅपवाला टर्बोचा दाब आणि डिझेलचं प्रमाण वाढवून आकडा वर नेतो. लॅपटॉप लावून तासाभरात काम होतं, आणि गाडी खरंच पळते. पण हेड दाबून धरणारे बोल्ट तेच, रेडिएटर तोच, आठ-दहा वर्षांचा वॉटर पंप तोच. सिलेंडरमधला दाब बोल्टच्या पकडीला भारी पडला, की हेड केसभर उचललं जातं आणि गॅस गॅस्केटला चाटत बाहेर यायला लागतो.

पेट्रोल टर्बोमध्ये शत्रू वेगळा, नॉकिंग. ठिणगीच्या ज्योतीची वाट न बघता मिश्रणाचा उरलेला भाग आपोआप पेटतो आणि गॅस्केटच्या कडेवर हातोडीसारखे घाव बसतात. आणि इथेच ई२० वरचा आरोप उलटा पडतो, कारण इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो, नॉकिंग त्याने कमी होतं. तरीही ई२० पूर्ण निर्दोष नाही. एक किलो साध्या पेट्रोलला जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडावं लागतं. कंपनीचा ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून हे बऱ्यापैकी सांभाळतो. पण फुल ॲक्सिलरेटरला अनेक ईसीयू सेन्सरपेक्षा आधी भरलेल्या आकड्यांवर चालतात, आणि ते आकडे रिमॅपवाल्याने जुन्या पेट्रोलवर बसवले असतील तर मिश्रण कोरडं पडतं, तापमान चढतं. म्हणजे दोष ई२० आणि रिमॅप यांच्या न जमलेल्या संसाराचा.

तिसरा बदल लोक मॉडिफिकेशनमध्ये धरतच नाहीत, तो म्हणजे बाहेरून बसवलेलं सीएनजी किट. बीएस ६ पेट्रोल गाड्यांना ते बसवायला केंद्राने २०२२ मध्ये परवानगी दिली. सीएनजीमुळे नॉकिंग होत नाही, उलट त्याचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच वर आहे. गोम आहे रिड्यूसरमध्ये. टाकीतला २०० बारचा गॅस दाब कमी होताना प्रचंड थंड होतो, रिड्यूसर गोठू नये म्हणून इंजिनचं गरम कुलंट त्यातून फिरवतात. त्यासाठी गाडीचे होज कापून टी-जॉइंट टाकतात. ते नीट बसले नाहीत किंवा नंतर सिस्टीममधली हवा काढली नाही, तर एअर लॉक होतो. हेडमध्ये कुलंटऐवजी हवेचा फुगा अडकतो आणि काट्यावर काही दिसायच्या आत हेड वाकतं. किट चार महिन्यांपूर्वी बसवलेलं, त्यामुळे संशय तिकडे जात नाही. नवीन गॅस्केट टाकलं तरी फुगा आपल्या जागी असतोच.

दुरुस्तीच आजार वाढवते

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग हा आहे. गॅस्केट गेलं की हेड उतरवतात, लेथवाल्याकडे फेसिंगला देतात, नवीन गॅस्केट टाकून जोडतात. हेड प्रत्येक वेळी घासलं की त्यातली जागा कमी होते, म्हणजे कॉम्प्रेशन वाढतं, म्हणजे दाब वाढतो. ज्या कारणाने गॅस्केट गेलं, तेच कारण दुरुस्तीने आणखी मजबूत केलं. काही डिझेल हेड घासायला कंपनीची परवानगीच नसते. अनेक डिझेल इंजिनांना गॅस्केट दोन-तीन जाडीत मिळतं, कडेला खाचा असतात, पिस्टन किती वर येतो ते मोजून निवडायचं असतं. दुकानात मिळालं ते टाकलं की झालं काम.

बोल्टचंही तसंच. आजच्या बहुतेक इंजिनांत हेड बोल्ट मुद्दाम ताणून बसवतात, आधी ठरावीक टॉर्क, मग ठरावीक अंश फिरवायचे. त्यातले बरेचसे एकदाच वापरायचे असतात. पण बिल कमी करायचं म्हणून जुनेच परत लागतात. आणि हेड घासलं तरी ब्लॉकचा पृष्ठभाग कोण तपासतो? अनेक इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही. हे डोळ्यांना दिसत नाही, त्याला सरळ पट्टी आणि फिलर गेज लागतं. पाच मिनिटांचं काम आहे.

तपासणी खरं तर हेड उतरवायच्या आधी सुरू व्हायला हवी. कुलंट कमी होतंय पण खाली थेंब नाही, थंड गाडी सुरू केल्यावर लगेच होज टणक होतो, डबीत बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, ही लक्षणं. ऑइल चहासारखं झालं तर गॅस्केटच गेलं असं नाही, ऑइल कूलर फुटला तरी तसंच होतं. खात्रीसाठी ब्लॉक टेस्ट असते. कुलंटवरची हवा निळ्या द्रावणातून ओढायची, पेट्रोल गाडीत जळका गॅस असला की ते पिवळं होतं. डिझेलला साधारण हिरवट पडतं, म्हणून सोबत लीक डाउन टेस्टही करावी. त्यात सिलेंडरमध्ये हवा भरून ती कुठून निसटते ते बघतात. थर्मोस्टॅट, पंखा, रेडिएटरचं झाकण हे सगळं याच वेळी बघायचं.

आणि हेड उतरलं की उत्तर बऱ्याचदा गॅस्केटवरच लिहिलेलं असतं. दोन सिलेंडरमधला भाग ठोकला गेलाय, तर नॉकिंग किंवा जास्त दाब. पाण्याच्या छिद्रांभोवती गंज, तर कुलंटऐवजी नळाचं पाणी. दरवेळी त्याच जागी जातंय, तर ब्लॉकला वाक किंवा तडा असू शकतो. दरवेळी वेगळ्या जागी, तर आधी गाडी का तापते ते शोधा.

बिल कुणी भरायचं?

तिसऱ्यांदा पाच आकडी बिल आल्यावर मालक गॅरेजकडे बोट दाखवतो, गॅरेज रिमॅपवाल्याकडे, रिमॅपवाला पेट्रोलकडे. कंपनीची वॉरंटी बदल केल्यावर अडते. साध्या मोटार पॉलिसीत मेकॅनिकल बिघाड धरतच नाहीत.

कायदा काय म्हणतो? जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येणार नाही. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात सुधारणा झाली आणि बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. पण कलम ५२ मधली बदलाची व्याख्या गाडीच्या रचनेभोवती फिरते, सॉफ्टवेअरचं नाव तिथे नाही. पीयूसीतही रिमॅप पकडला जात नाही. सीएनजी किटला मान्यता लागते, आरसीवर नोंद लागते, कागद राहतो. रिमॅपचा कागदच नसतो, बऱ्याचदा पावतीसुद्धा नाही. खुद्द पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय गाड्यांच्या चाचण्या करते आणि त्याच शहरात इंजिनची ताकद लॅपटॉपवर बदलते, नोंद कुठेच होत नाही.

यात मालकाचीही एक खोड आहे. तो गॅरेजला रिमॅपबद्दल सांगत नाही. मिस्त्री मग कंपनी फिटिंग समजून काम करतो आणि तिसऱ्यांदा तीच दुरुस्ती होते.

खराब दुरुस्तीविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, सेवेतली त्रुटी म्हणून. सदोष सुटा भाग असेल तर आयोग तो प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पण तिथे पुरावा लागतो. काय बदललं होतं, हेड किती घासलं, बोल्ट नवे होते का, हे जॉबकार्डवर लिहून घ्यावं लागतं. आणि जुनं गॅस्केट मागून घ्यावं लागतं, कारण गॅरेजमध्ये ते त्याच संध्याकाळी भंगारात जातं.