कुत्र्याला पाटी वाचता येत नाही




गेल्या डिसेंबरात इंद्रवेल्लीची आम्ही चार कुटुंबे जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला गेलो होतो. परतायच्या आदल्या दिवशी मुलांनी समुद्राचा हट्ट धरला, म्हणून पेडणे तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर गेलो. वाळूत एका जागी दोरी बांधून पाटी लावलेली होती. कासवाने अंडी घातलेली जागा. दोरीपासून वीस पावलांवर सहा-सात कुत्री बसलेली, आणि एका शॅकमधला पोरगा त्यांना माशांचे काटे टाकत होता. माझी धाकटी नात म्हणाली, "आजोबा, कुत्र्यांना ती पाटी वाचता येते का?" आम्ही हसलो, पण तो प्रश्न काही मनातून जात नाही.

ऑलिव्ह रिडले कासवाची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वाळूत येते, शंभरएक अंडी पुरते आणि समुद्रात परत जाते. पुढचे पन्नासेक दिवस त्या अंड्यांना राखण नाही. कुत्र्याला वास लागला की एका रात्रीत सगळे संपते. गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे कासवांसाठी राखले जातात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेतले आणि अंडी कुंपणाच्या आत हलवून वाचवली.

तेव्हा हंगामापुरती किनाऱ्यावर कुत्र्यांना बंदी असावी, हे मला मान्य आहे. पण बंदी कोणावर बजावायची? इंग्लंडात बऱ्याच किनाऱ्यांवर मे ते सप्टेंबर कुत्री नेता येत नाहीत. नेले तर दंड मालकाला होतो. तिथे २०१६ पासून प्रत्येक पाळीव कुत्र्याला मायक्रोचिप सक्तीची आहे, म्हणून मालक सापडतो. आपल्याकडे कुत्रे सगळ्यांचे आणि मालक कोणीच नाही. ऑक्टोबरात शॅक लागतात, पाहुणे लाड करतात, पिल्ले होतात. पावसाआधी शॅक उठतात, माणसे जातात, कुत्री उपाशी राहतात. मग "कुत्री फार माजली" अशी ओरड.

केंद्राच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्याची नसबंदी करून, रेबीजची लस देऊन त्याला होते तिथेच सोडायचे असते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना खाऊ घालायला वेगळ्या जागा ठरवून द्यायलाही सांगितले. म्हणजे नुसती पाटी लावून किंवा काठी घेऊन भागणार नाही. हंगाम सुरू व्हायच्या आधी नसबंदी व्हावी. खाऊ घालायची जागा वाळूपासून लांब असावी. आणि शॅकच्या परवान्यातच लिहावे की उष्टे वाळूवर टाकले तर परवाना जाईल. पाळीव कुत्रे मोकळे सोडणाऱ्या पाहुण्यालाही जागेवर दंड हवा.

कोणी म्हणेल, इंद्रवेल्लीला कुठला समुद्र? समुद्र नाही, पण हंगाम आहे. पुष्य अमावास्येला केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते, लांबून लांबून माणसे येतात. आपले नाताळचे जेवणही त्याच्या थोडे आधी. दोन्हीकडे आपण पाहुणे म्हणून जेवतो, आणि पत्रावळी तशाच टाकून घरी येतो. दोन आठवडे कुत्र्यांची चंगळ. मग उष्टे संपते आणि तीच कुत्री कोंबड्या-शेळ्यांच्या, शाळेच्या पोरांच्या मागे लागतात. शेवटी कोणीतरी रात्री विष घालतो. सकाळी मेलेली कुत्री बघून पोरे रडतात, आणि आपण म्हणतो, बरे झाले.

मेजावरून पडलेल्या तुकड्यांवर कुत्री जगतात, हे आपण शुभवर्तमानात वाचले आहे. तुकडे पडतात मेजावरून, तेव्हा पहिला जाब मेजावर बसलेल्यांना विचारला पाहिजे.

म्हणून मंडळीला माझी विनंती आहे. येत्या नाताळच्या जेवणाला पत्रावळी पोत्यात भरून ग्रामपंचायतीच्या ट्रॅक्टरवर चढवण्यासाठी चार तरुण आधीच नेमावेत. घरच्या कुत्र्यांना लस टोचून घ्यावी. गोव्याला दोन शब्द सांगायचा हक्क आपल्याला त्यानंतरच.

आपला,
एक वाचक, इंद्रवेल्ली, जि. आदिलाबाद