शाळेच्या दप्तराचे राखणदार

शिक्षणाची चर्चा निघाली की विद्यार्थी, शिक्षक, पाठ्यपुस्तके आणि निकाल यांवर बोलले जाते. शाळेच्या कार्यालयात बसणाऱ्या कारकुनाची आठवण कोणाला होत नाही. ती होते दाखल्यावरील नावात एखादे अक्षर चुकले म्हणजे, आणि तीही त्याला दोष देण्यापुरतीच. हा दोष बहुतांशी अनाठायी आहे, असे आमचे मत आहे.

प्रवेशाच्या दिवशी जनरल रजिस्टरमध्ये लिहिलेली एक ओळ माणसाला जन्मभर सोबत करते. तीतील नाव, जन्मतारीख आणि जात शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते, आणि तिथून नोकरी, पासपोर्ट व निवृत्तिवेतनापर्यंत जाते. गोव्यातील गावडा, कुणबी व वेळीप समाजांना २००३ साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. अशा समाजांतील मुलाला जातीचा दाखला काढताना वडिलांच्या शाळेतील जुनी नोंद किती मोलाची असते, हे ज्याला ती सापडली नाही त्यालाच विचारावे.

दप्तर म्हणजे काय, हे गोमंतकाला कोणी शिकवायला नको. पणजीच्या पुराभिलेखागाराचा आरंभ १५९५ सालचा. राज्यकर्त्यांनी ते कागद स्वतःच्या सोयीसाठी राखले. आज ते आपल्या उपयोगी पडतात. पण त्याच पोर्तुगीज दप्तरात प्रभूंचे ‘पोरोब’ झाले आणि कामतांचे ‘कामोती’. त्यामुळे एकाच घराचे आडनाव जन्मनोंदीत एक, शाळेच्या देवनागरी रजिस्टरात दुसरे आणि आधार कार्डावरील रोमन अक्षरांत तिसरे, असे घडू शकते. जुन्या कारकुनाला ही तिन्ही नावे एकाच घराची आहेत हे ठाऊक असते. संगणकाला ते ठाऊक नसते.

नेमकी इथेच आजची अडचण आहे. केंद्र सरकारच्या ‘यू-डायस प्लस’ व्यवस्थेत पूर्वी शाळेने वर्गवार आकडे भरले की भागत असे. २०२२-२३ पासून प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद करावी लागते. त्यात ‘अपार’ या बारा अंकी ओळखक्रमांकाची भर पडली आहे. शाळेतील नाव आणि आधारवरील नाव जुळले नाही की काम अडते. मग घाईघाईने कोणते तरी एक नाव बदलले जाते. कोणी बदलले, कोणत्या कागदाच्या आधारे बदलले, याची नोंद मागे राहतेच असे नाही. शाईने लिहिलेल्या रजिस्टरात खाडाखोड डोळ्यांना दिसे आणि तिच्याशेजारी मुख्याध्यापकांची सही लागे. पडद्यावरील चूक स्वच्छ अक्षरांत असते, म्हणून ती अधिक घातक!

यावर संगणक नको म्हणणे हा उपाय नव्हे. पावसाळ्याची ओल आणि वाळवी यांच्या तोंडी कागद किती दिवस ठेवणार? परंतु यंत्र पुरवले म्हणजे कर्तव्य संपले, ही समजूत शासनाने आणि शाळांच्या व्यवस्थापनांनी सोडावी. कारकुनांना तालुकावार आणि कामाच्या वेळेतच प्रशिक्षण मिळाले पाहिजे. युनिकोडमधील देवनागरी टंकलेखन, तक्त्यांतील माहितीची पडताळणी, तिची सुरक्षित दुसरी प्रत आणि दुरुस्तीची लेखी नोंद, एवढे तरी त्यात असावे. पासवर्ड भिंतीवर चिकटवणे किंवा मुलांची यादी बाहेरच्या दुकानात भरायला देणे किती धोक्याचे आहे, हेही समजावले पाहिजे. मुलांची खाजगी माहिती जपण्याचे दायित्व २०२३ च्या कायद्यानेही मान्य केले आहे.

निवृत्तीस आलेल्या कारकुनाला रजिस्टरांची भाषा कळते. नव्याने लागलेल्या तरुणाला यंत्राची. दोघांनी काही महिने एकाच टेबलावर काम करावे, अशी तजवीज करणे अवघड नाही. माहिती संगणकावर चढली म्हणून मूळ रजिस्टर मात्र अडगळीत टाकता कामा नये. उद्या वाद उभा राहिला तर साक्ष त्याचीच काढावी लागेल.

मुक्तीनंतर गावोगावी शाळा निघाल्या. घराण्यातले पहिले अक्षर गिरवणाऱ्या कितीतरी मुलांची नावे त्या शाळांच्या रजिस्टरांत प्रथमच लिहिली गेली. कष्टकऱ्याच्या घरी जमिनीचे जुने कागद नसतात. त्याच्याजवळ असते ती शाळेतील ही एक ओळ. ती अचूक राखणाऱ्या हाताला शिकवण्यात शासनाने हात आखडता घेऊ नये.