दैत्यांची शक्ति व तिचा अर्थ

न्यायासनावर बसण्याची संधि मनुष्याला फार उशिरां येते, व बहुतेकांस ती येतच नाहीं. परंतु मेजाभोंवतीं बसून खेळावयाचा एक खेळ असा आहे कीं, त्यांत पंधरा वर्षांच्या मुलालाही ती लाभते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हें त्याचें नांव. अमेरिकेंतील गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं तो १९७४ सालीं प्रसिद्ध केला. एकानें सूत्रधार व्हावयाचें, बाकीच्यांनीं वीर, मांत्रिक, धर्मगुरु, चोर अशा भूमिका घ्यावयाच्या. सूत्रधारानें प्रसंग सांगावयाचा, खेळाडूंनीं आपण काय करतों तें बोलावयाचें, आणि जेथें यशाचा निश्चय नसेल तेथें वीस बाजूंचा फांसा टाकून निकाल घ्यावयाचा, अशी त्याची रीति. वाटेंत भेटणाऱ्या दैत्यांचा व अद्भुत प्राण्यांचा १९७७ सालीं एक स्वतंत्र ग्रंथ निघाला. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या पुढेंही निघत आल्या आहेत.

या ग्रंथांत प्रत्येक दैत्याची शक्ति नियमाच्या भाषेंत लिहिलेली असते. परंतु नियम लिहिणाऱ्याला सर्व प्रसंग आधीं दिसत नाहींत. म्हणून त्यांचा अर्थ लावण्याचें काम सूत्रधाराकडे येतें, आणि खेळांतील बहुतेक तंटे येथेंच उत्पन्न होतात. माझें मत असें आहे कीं, दैत्याची शक्ति हें खेळाडूंना मारण्याचें हत्यार नसून त्यांना घातलेला प्रश्न आहे. आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्या परीक्षकाला जी सचोटी लागते, तीच तिचा अर्थ लावणाऱ्यालाही लागते.

उदाहरणार्थ, ‘रस्ट मॉन्स्टर’ हा प्राणी घ्या. हाँगकाँगमध्यें बनलेल्या एका स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यावरून गायगॅक्स यांना तो सुचला. त्याच्या लांब मिशा लागल्या कीं लोखंड गंजूं लागतें, आणि तो गंज हेंच त्याचें अन्न. चिलखत घालून निर्धास्त असलेला वीर त्याला पाहून पळतो, आणि ज्याच्या हातांत साधी लांकडी काठी आहे तो मांत्रिक स्वस्थ उभा राहतो. या प्राण्याला मनुष्याचा जीव नको आहे, लोखंड हवें आहे. हें ज्याच्या ध्यानांत येईल तो पिशवींतील चार खिळे दूर फेकून वाट मोकळी करून घेईल. तुमचा भरंवसा कशावर आहे, एवढेंच तो प्राणी विचारतो. ज्या सूत्रधाराला हें कळत नाहीं, तो खिळ्यांकडे दुर्लक्ष करून त्या प्राण्याला वीरांच्या अंगावर धाडतो, आणि एका चांगल्या प्रश्नाची साधी मारामारी करून टाकतो.

प्रश्न म्हटला कीं, तो सोडविण्यास लागणारी सामग्री आधीं दिलेली असली पाहिजे. मेड्यूसा ही ग्रीक पुराणांतून घेतलेली स्त्री. तिच्या डोळ्यांस डोळा भिडला कीं मनुष्याचा दगड होऊं लागतो. ही गोष्ट गुहेंत शिरल्यावर एकाएकीं कळली तर तो अन्याय होय. पण दाराबाहेर भयभीत चेहऱ्यांचे पाषाणाचे पुतळे उभे असतील, तर विचारी खेळाडूला आरसा बाहेर काढण्याची बुद्धि होईल. कारण पुरेशा उजेडांत, जवळच्या चकचकीत पृष्ठभागावर आपलेंच प्रतिबिंब दिसल्यास मेड्यूसेची शक्ति तिच्यावरच उलटते, असा २०१४ सालच्या ग्रंथांत नियम आहे. ‘जिलॅटिनस क्यूब’ हा दुसरा प्राणी म्हणजे दहा फूट लांब, रुंद व उंच असा पारदर्शक, लिबलिबीत ठोकळा. भुयाराच्या दहा फुटी वाटेंत तो बरोबर मावतो. तो सहसा डोळ्यांस दिसत नाहीं. पण ज्या वाटेवर धुळीचा कणही नाहीं ती वाट झाडली कोणीं, असें शहाण्यानें स्वतःस विचारावें. शिकविलें नाहीं तें परीक्षेंत विचारूं नये, हा शिक्षकाचा धर्म. ज्याची खूण दाखविली नाहीं त्याच्याकडून मारवूं नये, हा सूत्रधाराचा.

आतां शब्द व हेतु यांच्या विरोधाकडे वळूं. ट्रोल नांवाच्या दैत्याच्या जखमा आपोआप भरून येतात. २०१४ च्या नियमाप्रमाणें प्रत्येक पाळीच्या आरंभीं त्याला दहा प्राणांक परत मिळतात. अग्नीनें किंवा आम्लानें इजा झाली तरच पुढील पाळीपुरती ही शक्ति थांबते. समजा, वीरांजवळ अग्नि नाहीं, आम्लही नाहीं. पण एकानें पडलेल्या ट्रोलवर चुनकळीची गोणी रिकामी करून वर पाणी ओतलें. काय निकाल द्यावा? अक्षर पाहतां चुनकळी अग्नि नव्हे, आणि रसायनशास्त्र तर तिला आम्लाच्या अगदीं उलट टोंकास बसवितें. पण हेतु पाहिला तर मांस जाळून जखमेला भरूं न देणारी वस्तु येथें अभिप्रेत आहे. आणि पाणी पडलेल्या चुनकळीची धग कशी असते, तें कोणत्याही गवंड्यास विचारावें. संत पौलानें अक्षर व आत्मा यांत जो भेद केला, तो येथेंही ध्यानांत घेण्यासारखा आहे. मी हा उपाय मान्य करीन, परंतु एका अटीवर: उद्यां शत्रूनें तीच चुनकळी वीरांवर टाकली, तरी ती तशीच जाळील, आणि ही अट आजच सर्वांसमक्ष सांगितली जाईल. हेतु पाहणें म्हणजे लहर पाहणें नव्हे. आपल्या निकालानें जो स्वतः बांधला जात नाहीं, तो न्यायाधीश नव्हे, जुलमी राजा होय.

याहून नाजुक प्रसंग ‘राक्षस’ या प्राण्याचा आहे. नांव ओळखीचें असल्यामुळें मराठी वाचकाला रावण किंवा मारीच आठवतो. पण खेळांतील राक्षसाला बहुधा वाघाचें डोकें असतें. दुसऱ्याचें रूप घेऊन फसविणें ही त्याची विद्या. एवढ्यापुरतें सुवर्णमृगाशीं त्याचें नातें जुळतें. १९७७ च्या ग्रंथांत, धर्मगुरूनें आशीर्वाद दिलेला यांत्रिक धनुष्याचा बाण लागला कीं तो मरतो. ही युक्ति रामायणांतील नव्हे. ‘कोलचॅक : द नाइट स्टॉकर’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालेंतील १९७४ सालच्या एका कथेंत ती आढळते. २०१४ च्या ग्रंथांत नियम बदलला: मंत्रसिद्ध टोंकदार शस्त्र सज्जनाच्या हातून लागलें, तर राक्षसाला दुप्पट इजा होते. म्हणजे पूर्वीं जें पावित्र्य बाणांत होतें, तें येथें बाण मारणाऱ्याच्या ठायीं आलें.

मग एखाद्या खेळाडूनें आपल्या कागदावर ‘सज्जन’ असें लिहिलें आहे, पण मागच्या तीन बैठकींत त्यानें गरीब गांवकऱ्यांस लुबाडलें आहे. त्याच्या बाणाला तें सामर्थ्य असावें काय? कागदावरचें अक्षर होय म्हणतें, नियमाचा हेतु नाहीं म्हणतो. मला हेतूची बाजू खरी वाटते. तरी राक्षस समोर उभा राहिल्यावर हा निकाल ऐकविणें हा न्याय नव्हे, सूड होय. पहिली लूट झाली त्याच दिवशीं सूत्रधारानें म्हटलें पाहिजे, “बाबा रे, असेंच वागत राहिलास तर हा शब्द कागदावरून पुसावा लागेल.” ताकीद आधीं, शिक्षा नंतर, आणि दोहोंच्या मध्यें परत फिरण्यास वाट.

ख्रिस्ती घरांतील मुलांनीं असले खेळ खेळावे काय, असें कांहीं पालक विचारतात. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतही हा वाद फार माजला होता. १९८९ सालीं निघालेल्या दुसऱ्या आवृत्तींत भूत व सैतान या अर्थाचे इंग्रजी शब्द गाळण्यांत आले, आणि दोनच वर्षांनीं तेच प्राणी दुसरीं नांवें घेऊन परत आले! म्हणून पालकांना माझी विनंति अशी कीं, दैत्याच्या नांवापाशीं थांबूं नये. मुलें त्याला तोंड कसें देतात तें पाहावें. आपला मुलगा घायाळ सोबत्यास टाकून पळतो कीं परत येतो? आपली मुलगी सूत्रधार झाल्यावर बुजऱ्या खेळाडूला बोलूं देते कीं त्याची थट्टा करते? चिंता करावयाची तर ती या गोष्टींची करावी.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कित्येकांच्या हातीं पुढें शाळेचे, कचेरीचे, पंचायतीचे नियम येतील, आणि तुमच्यासमोर उभा राहणारा मनुष्य कागदावरचा नसेल. त्या वेळीं नियमाचें अक्षर वाचाच. पण तो कोणाच्या रक्षणासाठीं लिहिला गेला, हेंही विचारा, आणि निकाल देण्यापूर्वीं त्या मनुष्याला नियम समजावून सांगा. ही संवय मेजाभोंवतीं फांसे टाकतां टाकतां लागली, तर तो वेळ फुकट गेला असें मी तरी म्हणणार नाहीं.